नदीपलीकडची तात्पुरती सेवा

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुला नमस्कार, आणि दादा वर्तमानपत्रातून डोकं वर काढेल तेव्हा त्यालाही.

बातमी कळली असेलच. जागतिक मैदानी स्पर्धेच्या यजमानपदासाठी आता तीनच शहरं उरली आहेत. एक तुमचं, एक आमचं, आणि एक ते समुद्रकाठचं, ज्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दादाचा लगेच फोन आला. "आजपासून आपण शत्रू," म्हणाला, आणि पुढची वीस मिनिटं गुडघ्याबद्दल बोलत बसला. शत्रूला कुणी गुडघ्याचं दुखणं सांगतं का? तुला फोन केला नाही, कारण तुझं उत्तर पाठ आहे. दिवसभर कचेरीत फोन वाजतो तो बस उशिरा आल्याचं सांगायलाच, त्यामुळे फोन म्हटलं की तुला धडकी भरते. म्हणून हे पत्र.

गंमत बघ. तू तिकडे साऱ्या शहराच्या बसगाड्यांच्या वेळापत्रकांची सर्वेसर्वा, आणि मला इकडे प्रेक्षक-व्यवस्थेचा प्रमुख केलंय. उभ्या जन्मात अडथळ्यांच्या शर्यतीत एक पदक मिळालं नाही, आता म्हणतात पन्नास हजार माणसांचे अडथळे दूर करा.

तिथेच घोडं अडलंय. गेल्या महिन्यात नव्या मैदानावर सराव म्हणून एक सामना घेतला. माणसं आत आणणं सुरेख जमलं. सामना संपला, आणि बाहेर काढताना आमची पार दैना उडाली. सगळ्या बस मुख्य दरवाजासमोर ओळीनं उभ्या केल्या होत्या, मला तेच शहाणपणाचं वाटलं होतं. सगळी माणसं त्या एका दरवाजाकडे धावली. बसला माणसांतून हलता येईना, माणसांना बसमुळे हलता येईना. आमच्या प्रस्ताव समितीच्या अध्यक्षीणबाई त्यातच सापडल्या. बाहेर आल्या तेव्हा पायात एकच चप्पल होती. माझ्याशी त्या अजून नीट बोलत नाहीत.

कुणाला लागलं नाही, पण एक मुलगी आईचा हात सुटून रडताना मी पाहिली. मार्चमध्ये पाहणी समिती येणार आहे. वहिनी, भरलेलं मैदान रिकामं कसं करायचं गं?

तुझा,
शत्रुपक्षातला दीर


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चपलेसाठी, दुसऱ्यांदा त्या मुलीसाठी.

तुम्ही हाफ पँटमध्ये शेंबूड पुसत दारात उभे होतात, तेव्हापासून मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणत आले. त्या दिवशी तुम्ही मागे वळून पाहिलं होतंत, ही कुणाशी बोलतेय म्हणून. तर त्या मानाला जागून सरळ विचारते: हे शत्रू म्हणून विचारलंत की दीर म्हणून? कारण आम्हाला ही स्पर्धा हवी आहे. मला तर फारच हवी आहे, आणि का ते तुम्हाला माहीत असायला हवं.

नदीपलीकडच्या चढावरची वस्ती तुम्ही पाहिली आहे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या बहुतेक बाया तिथे राहतात. पहाटेपासून चढ उतरून, पूल ओलांडून चालत येतात, आणि दिवसभर ओल्या चादरी उपसून तोच चढ पुन्हा चढतात. तिथे बस द्या म्हणून मी मागणी करत आले, तर प्रत्येक वेळी एकच शेरा येतो, 'त्या बाजूला प्रवासी नाहीत.' जिथे बसच जात नाही तिथे बसचे प्रवासी दिसतील कुठून? पण हे कचेरीत बोलून उपयोग नाही, मी बोलून पाहिलंय. आता आमच्या प्रस्तावात खेळाडूंची निवासस्थानं नदीपलीकडे दाखवली आहेत. स्पर्धा मिळाली तर वस्तीला कायमची बस मिळणार. पाहणी समितीला दाखवायला म्हणून मार्चपासून जूनअखेरपर्यंत एक तात्पुरती सेवा मंजूर झालीय. हरलो तर जूननंतर ती बंद, आणि त्या बाया पुन्हा पायी.

आमचे नवे मोठे साहेब पाणीपुरवठ्यातून बदलून आलेत. त्यांचं प्रत्येक वाक्य 'तत्त्वतः' पासून सुरू होतं आणि कुठेच संपत नाही. बसमध्ये ते कधी चढले असतील असं वाटत नाही. त्यांच्याकडून मी आशा ठेवत नाही, स्पर्धेकडून ठेवते.

हे सगळं सांगून आता तुमच्या प्रश्नाकडे येते. बस दरवाजाशी लावू नका. चांगल्या दूर लावा, निवांत पंधरा मिनिटं चालावं लागेल इतक्या, आणि तीन वेगवेगळ्या दिशांना. चालताना माणसं आपोआप पांगतात. म्हातारी मागे राहतात, पोरं पुढे पळतात, कुणी भाजलेले दाणे घ्यायला थांबतं. दारात जो एक गठ्ठा असतो तो रस्त्यावर विरळ होतो. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मात्र वेगळं दार आणि वेगळ्या छोट्या गाड्या ठेवा, तिथे कंजुषी नको.

दुसरं, मैदानातले दिवे विझवू नका. दिवे गेले की माणसाला वाटतं आपल्याला हाकलतायत, आणि तो धावतो. एखादा बँड वाजू द्या. चौथा हिस्सा लोक नुसते ऐकत बसतील, तेवढीच गर्दी उशिरा निघेल. मैदान रिकामं करायला जाऊ नका, ते ओघळू द्या.

आणि शेवटचं, जे तुमचे लोक ऐकणार नाहीत. पहिल्या बस भरायची वाट न बघता सोडा. अर्ध्या रिकाम्या गेल्या तरी चालतील. समोरची रांग सरकताना दिसली की मागचा माणूस कितीही वेळ शांत उभा राहतो. बस भरायची वाट बघत उभी राहिली की तोच माणूस ढकलायला लागतो. मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. दरवर्षी अंतिम सामन्याच्या दिवशी मी रांगेत उभी राहते, म्हणून माहीत झालं.

आता म्हणाल, वहिनी, हे सगळं शत्रूला का सांगतेस? चेंगराचेंगरी तुमच्या गावात झाली काय नि आमच्या गावात झाली काय, खाली पडणारं पोर पोरच असतं. बाकीची स्पर्धा आपण मोकळेपणानं लढू. तुम्हाला हरवायला मला मजाच येईल.

वहिनी


२० मार्च

वहिनी, वहिनी, वहिनी,

तू इथे असायला हवी होतीस. पाहणी समिती आली, भरलेल्या मैदानात सामना पाहिला, आणि सामना संपल्यावर मी तू सांगितलंस तसंच सगळं केलं. बस दूर लावल्या तेव्हा आमचे अभियंते माझ्याकडे मला भूतबाधा झाल्यासारखे बघत होते. पहिली बस अर्धी रिकामी सोडली तेव्हा चालकानं मला तीनदा विचारलं, "नक्की?" मी तिन्ही वेळा "नक्की" म्हटलं आणि त्यानं चौथ्यांदा विचारायच्या आत तिथून सटकलो.

आणि मग ते घडलं. पन्नास हजार माणसं बाहेर पडली आणि कुणीही धावलं नाही. मी वरच्या सज्जात उभा होतो. तिन्ही रस्त्यांवर माणसं गप्पा मारत चालली होती. बापाच्या खांद्यावर पोरं झोपली होती. बँडभोवती म्हाताऱ्यांनी फेर धरला होता आणि त्यांना घरी जायची घाईच नव्हती. मला भरून आलं गं. इतक्या मोठ्या गर्दीला कुणीतरी प्रेमानं घरी पोचवतंय असं वाटत होतं, आणि ते कोण हे त्या सगळ्यांत मला एकट्याला माहीत होतं. अध्यक्षीणबाई दोन्ही चपला घालून आल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

ऐक तर पुढे. समितीच्या प्रमुख एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आहेत, एके काळच्या थाळीफेकपटू. त्यांनी भर बैठकीत विचारलं, "ही कल्पना कुणाची?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या वहिनीची." सगळे हसले. बाईंनी विचारलं, "त्या तुमच्या समितीत आहेत?" मी म्हणालो, "छे, त्या आपल्या प्रतिस्पर्धी शहराच्या वेळापत्रक विभागाच्या प्रमुख आहेत. गर्दीतलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही." आता अध्यक्षीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण थाळीफेकवाल्या बाई खूश झाल्या. तुझं नाव त्यांनी लिहून घेतलं! वार्ताहरही होते, त्यांनीही लिहून घेतलं.

लहानपणी म्हणायचो ना, तुझं नाव मोठं करीन? आता तुमच्याकडे समिती येईल तेव्हा ती आधी तुलाच शोधेल. हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही, खरंच सांगतोय. मला तुझा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तुझा,
आज जमिनीपासून चार बोटं वर चालणारा दीर


२ एप्रिल

भाऊजी,

पत्र वाचून आनंद झाला. सगळं नीट पार पडलं, त्या रडणाऱ्या मुलीसारखी कुणी रडली नाही, हे फार चांगलं झालं.

इकडे सगळं ठीक. सध्या मला बरीच उसंत आहे. घरातली कपाटं आवरली, पडदे धुतले, कुंड्यांमधली माती बदलली. तुमच्या दादांना भूगोलाची जुनी पुस्तकं फेकायला लावली, ती त्यांनी रात्रीतून परत आणली. माणसानं अधूनमधून घरी बसावं, त्यानं प्रकृतीला बरं असतं. इतकी वर्षं रजा घेतली नव्हती, त्याची आता भरपाई होतेय.

आमच्याकडे समिती येऊन गेली. छान झालं म्हणतात. हवा बरी आहे. तब्येतीला जपा.

वहिनी

(खाली, वेगळ्या अक्षरात)

धाकट्या, तुझी वहिनी खोटं लिहितेय, आणि तिला ते जमत नाही. घरात माती बदलायला तिला कधी वेळ असतो का? तू केलेल्या कौतुकाची बातमी इथल्या वर्तमानपत्रात 'घरभेदी अधिकारी' असा मथळा घेऊन आली. आपली योजना प्रतिस्पर्ध्याला पुरवली म्हणून तिला प्रस्तावाच्या पथकातून काढलं आणि चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. तुला कळू द्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. ती पाकीट चिकटवायला खळ आणायला गेली तेवढ्यात हे लिहितोय. तू मूर्ख आहेस, पण तुझ्या मूर्खपणात वाईट काही नव्हतं हे तिला माहीत आहे, आणि मलाही. दादा.


७ एप्रिल

वहिनी,

दादाला रागावू नकोस. तू सांगितलं नसतंस, आणि मी आयुष्यभर स्वतःवर खूश राहिलो असतो.

मला वाटलं होतं की चांगल्या माणसाचं नाव चारचौघांत घेतलं की त्याचं भलंच होतं. दोन शहरांची चढाओढ चालू आहे हे मी विसरूनच गेलो. त्या बैठकीत मी नुसता तुझा दीर होतो. तुला कौतुकाच्या हारात बांधून मी थेट तोंडघशी पाडलं. रात्री जेवण गेलं नाही.

तुमच्या मोठ्या साहेबांना आज पत्र पाठवलंय. त्यात लिहिलंय की मी विचारलं, तू सांगितलंस, आणि सांगताना तुझं शहर जिंकावं अशीच तुझी इच्छा होती. एका पोराला लागू नये म्हणून तू सांगितलंस, हेही लिहिलं. चौकशीला हवी असतील तर तुझी पत्रं माझ्याकडे आहेत, असंही कळवलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

रागावली असशील तर तसं स्वच्छ लिही. कुंड्यांबद्दल लिहू नकोस.

तुझा दीर


२२ एप्रिल

भाऊजी,

रागावले होते. दोन दिवस. मग रागवायला वेळ उरला नाही, कारण माझी तीच पत्रं तुमच्याकडून थेट साहेबांच्या टेबलावर जाऊन पोचली. लपवण्यासारखं काय आहे, असं विचारत होतात ना? अहो, 'तत्त्वतः'! ते पान तुम्ही काढून ठेवायला नको होतं का? पण नाही, पुरावा म्हणजे पुरावा, पूर्णच्या पूर्ण पाठवला. तुमच्या खरेपणाला कुठे थांबायचं तेच कळत नाही.

मला चौकशीला बोलावलं. साहेबांनी माझी पत्रं समोर नीट लावून ठेवली होती. ते बोलायला लागले, "तत्त्...", थांबले, पाणी प्याले, आणि पुन्हा बोलायला लागले. तासाभरात तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत किती वेळा आला नि मागे गेला ते मी बघत होते. हसू दाबताना डोळ्यांतून पाणी आलं, त्यांना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी चहा मागवला.

शेवटी हुकूम असा झाला की चौकशी पुरी होईपर्यंत प्रतिस्पर्धी शहराशी होणारा सगळा पत्रव्यवहार आधी साहेबांना दाखवायचा. तेव्हा हे पत्र तुमच्या आधी ते वाचतील. साहेब, नमस्कार. चहा चांगला होता.

आता गंभीर. समिती इथे आली त्या दिवशी मी पथकात नव्हते, म्हणून तुमचे दादा आणि मी मैदानाबाहेरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. वेळापत्रक माझंच होतं, ते कुणी बदललं नव्हतं. माणसं बाहेर आली. पहिली बस अर्धी रिकामी सुटली. रांग सरकायला लागली. तुमच्या दादांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत रस्त्यावर त्यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही. सगळं होईपर्यंत सोडला नाही.

आणि नदीपलीकडची तात्पुरती बस! ती मात्र मी रोज बघायला जाते. घरी बसवलेल्या माणसाला बसमध्ये बसायची बंदी नाही, तसा नियम मी शोधून पाहिला. पहिला आठवडा बस रिकामीच जायची. बाया बसकडे बघायच्या आणि चालत राहायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "ती पाहुण्यांसाठी आहे ना, आमच्यासाठी थोडीच?" मी म्हटलं, चढा, पाहुण्यांना कळतंय कुठे! दुसऱ्या आठवड्यात चार जणी बसल्या. आता संध्याकाळी खालच्या थांब्यालाच बस भरते, फक्त उभ्यानं जागा मिळते. धुलाईखान्यातल्या एक मावशी आहेत, हात पार सुरकुतलेले. परवा म्हणाल्या, "बाई, घरी पोचल्यावर मी आता लगेच आडवी होत नाही, नातीबरोबर खेळते." साहेब, हे वाक्य चौकशीत नोंदवून घ्यायला माझी हरकत नाही.

स्पर्धा मिळाली पाहिजे, भाऊजी. तुम्हाला न मिळता आम्हाला मिळाली पाहिजे. मनापासून सांगते.

वहिनी


१२ मे

वहिनी,

आणि साहेब, आपण आधी वाचणार म्हणून आपल्यालाही. आपल्याला कधी भेटलो नाही, पण माझ्या एका वाक्यामुळे आपल्याला एवढं वाचावं लागतंय त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

साहेब, आपल्याला वहिनीचं वेळापत्रक दिसतं. ते कसं तयार होतं ते मी सांगतो, कारण ती सांगणार नाही. मी शाळेत असताना ही लग्न होऊन घरात आली आणि काही महिन्यांत बस खात्यात लागली. नवीन वेळापत्रक लागू व्हायचं त्या दिवशी ही पहिल्या बसनं पूर्ण मार्ग फिरायची. कधी मलाही न्यायची. मला खिडकी द्यायची आणि स्वतः दाराशी उभी राहायची. एकदा एक लंगडत चालणारे गृहस्थ थांब्यापर्यंत यायच्या आत बस सुटली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ही पुढच्या थांब्यावर उतरली, मला ओढत मागे आली, आणि त्या गृहस्थांबरोबर ते राहतात त्या गल्लीपासून थांब्यापर्यंत त्यांच्या चालीनं चालली. दुसऱ्या आठवड्यात तो थांबा गल्लीच्या तोंडाशी आला. त्यांना तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊजी, थांबा माणसाकडे गेला की माणसाला धावावं लागत नाही."

मी पुढे धावपटू झालो, तोही बेताचाच. पण माणसांकडे बघायला मी तिच्याकडून शिकलो. माझ्या शहरानं ही स्पर्धा जिंकावी म्हणून मी जिवाचं रान करतोय, करणारच. तरी सांगतो, ज्या शहराची वेळापत्रकं ही बाई लिहिते त्या शहरात मला प्रेक्षक म्हणून यायला आवडेल.

वहिनी, हे तुला न विचारता लिहिलं. एकदा कौतुक करून तुला घरी बसवलं, आता आणखी काय वाईट होणार?

तुझा दीर

(खाली, तिसऱ्याच अक्षरात)

पाहिले. पुढे जाऊ द्यावे. चौकशी बंद करण्यात येत असून संबंधित अधिकाऱ्यांनी सोमवारपासून कामावर हजर व्हावे. बेताचे धावपटू चांगले लिहितात. मोठे साहेब.


१८ जून

वहिनी,

निकाल तू ऐकलाच असशील. समुद्रकाठ! आपण दोघं एकमेकांना हरवण्यात दंग, आणि ज्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं ते घेऊन गेले. आमच्या कार्यालयात कुणी फायली बांधायला लागलं, कुणी भिंतीवरचा नकाशा उतरवायला लागलं. मग अध्यक्षीणबाई उठल्या, "त्यांनी छान केलं," म्हणाल्या, आणि सगळ्यांसाठी मिठाई मागवली. हरल्यावर मिठाई मागवणारी ही बाई मला तेव्हा फार मोठी वाटली.

मला माझ्या हरण्याचं दुःख आहे, पण ते सरेल. मैदान आहे, तिथे सामने होतील, आणि माणसं तुझ्या पद्धतीनं घरी जातील. मला सारखी तुमची बस आठवतेय. जूनअखेर म्हणजे थोडेच दिवस राहिले. काही करता येईल का? मी इथून काय करू ते सांग. आणि या वेळी आधी तुला विचारतोय, बघ.

तुझा दीर


३ जुलै

भाऊजी,

निकालाच्या दिवशी मी रडले. हरलो म्हणून रडले नाही, त्या मावशींच्या नातीसाठी रडले. तुमचे दादा शेजारी बसून राहिले, गुडघ्याबद्दल एक शब्द काढला नाही.

साहेबांकडे अर्ज केला होता. उत्तर आलं नाही. मंजुरी तीस जूनपर्यंतचीच, कागद स्पष्ट होता. मग ठरवलं की हे त्या बायांना आपण स्वतः सांगायचं. खांबाला कागद चिकटवून, सकाळी आलेल्या माणसाला कागदाकडे बघत उभं ठेवायचं नाही. एक तारखेला भल्या सकाळी मी चढ चढून वरच्या थांब्यावर गेले. मनात शब्द जुळवत होते, एकही नीट जुळत नव्हता.

वर जाऊन बघते तर रांग वळणाच्या पार. धुलाईखान्यातल्या बाया तर होत्याच, शिवाय दप्तरं घेतलेली मुलं, हत्यारांच्या पिशव्या घेतलेले सुतार, तान्हं घेतलेली एक पोरगी. मला बघून मावशी म्हणाल्या, "बाई, आज तुम्हीही?" सांगून टाकावं म्हणून मी पुढे झाले. तेवढ्यात खालून बसचा आवाज आला. मला वाटलं भास झाला. वेळापत्रकात ती नव्हतीच, वेळापत्रक मी स्वतः लिहिते, मला माहीत नसेल का?

बस वर आली, थांबली, आणि दारातून मोठे साहेब उतरले. कपाळावर घाम, हातात तिकीट. ते तिकीट नीट खिशात ठेवून ते सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी तिकडे धावले. म्हटलं, "साहेब, सेवा काल संपली." ते म्हणाले, "संपवायचा आदेश माझ्या सहीनं निघतो. तो काढायला मला कचेरीत पोचावं लागेल. आणि मी तर अजून रांगेत आहे." मग पुढची लांब रांग नजरेनं मोजत, अगदी हळू म्हणाले, "इथे प्रवासी नाहीत असं कुणी लिहिलं होतं हो?" मी म्हटलं, "तुमच्या आधीच्या तिन्ही साहेबांनी." ते म्हणाले, "त्यांनाही चढ चढायला लावायला हवं होतं. कायमच्या सेवेचा कागद दुपारपर्यंत तुमच्या टेबलावर येईल. वेळापत्रक तुम्ही करा, मला त्यातलं काही कळत नाही."

भाऊजी, ज्या माणसाकडून मी काडीची आशा ठेवली नव्हती, तो माणूस तिथे घामेजलेला उभा होता, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. पण मी त्याला फार कमी लेखलं होतं, हे तुमच्यापाशी कबूल करते.

माणसं चढायला लागली. मावशी चढल्या, पोरगी तान्ह्याला घेऊन चढली, तिला एका सुतारानं जागा दिली. साहेब चढले आणि दांडी धरून उभे राहिले. चालकानं दारातून मला विचारलं, "बाई, या ना, येताय ना?" मी आत डोकावले. पाय ठेवायलाही जागा नव्हती.

मी म्हटलं, "जाऊ द्या." बस निघाली, आणि मी खुशाल पायी खाली आले.

वहिनी